हुशार माणूस स्वस्तात मिळाला म्हणून खूश होऊ नका



मागच्या व्हिडिओत मी स्टाफ टिकवायचा कसा यावर बोललो. पगार वेळेवर द्या, चारचौघांत ओरडू नका, सणासुदीला हातावर काहीतरी ठेवा, वगैरे. बऱ्याच जणांना तो आवडला. आज मी त्याच्या बरोबर उलटं सांगणार आहे. काही माणसं टिकवूच नका. त्यांना जाऊ द्या. आणि नुसतं जाऊ देऊ नका, पुढच्या नोकरीच्या दारापर्यंत स्वतः सोडून या.

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यातून सांगतोय.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: मी नाशिकचा. बीबीए करून २०१३ मध्ये कॅनडाला शिकायला आलो, ब्रॅम्प्टनमध्ये दोन दुकानांत काम केलं, आणि २०१८ मध्ये स्वतःचं किराणा दुकान टाकलं. पोहे, भाजणी, गोडा मसाला, मे महिन्यात हापूस. ट्रेनिंग आणि चॅनेल नंतर आलं. आजही सकाळी शटर मीच उघडतो.

आता चूक सांगतो.

२०२१ च्या थंडीत एक जण दुकानात आला. सिव्हिल इंजिनिअर, सोलापूरकडचा, वय साधारण माझ्याएवढंच. तिकडे आठ वर्षं साइटवर काढलेली, कालवे आणि छोटे पूल. हातात पीआर, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. म्हणाला, "दादा, दोन महिने काम द्या, तोपर्यंत माझ्या लाइनचं काहीतरी बघतो." मी दिलं. ते दोन महिने अडीच वर्षं चालले.

माणूस कसला होता सांगू? पहिल्या महिन्यात त्याने एक्सेलमध्ये एक शीट बनवली. कुठला माल किती उरला, कधी मागवायचा, कशाची तारीख संपत आली, सगळं एका नजरेत. माझा टाकून द्यावा लागणारा माल कमी झाला. सप्लायरने बिलात केलेली गडबड तो उभ्या उभ्या पकडायचा. मी तासाला एक डॉलर वाढवून दिला आणि स्वतःला फार मोठ्या मनाचा मालक समजायला लागलो. मंडळाच्या कार्यक्रमात अभिमानाने सांगायचो, "आपल्याकडे इंजिनिअर आहे कामाला!"

आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

२०२३ च्या दिवाळीच्या आठवड्यात त्याला एका बांधकाम कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. गुरुवारी सकाळी ११ वाजता. त्याने अर्धा दिवस मागितला. दुकानात फराळाच्या ऑर्डर, मिठाईची खोकी, पार्किंगपर्यंत रांग. मी म्हणालो, "अरे, दिवाळी होऊ दे, मग बघू ना. त्यांना सांग पुढच्या आठवड्यात येतो." तो "बरं" म्हणाला आणि पोती लावायला गेला. त्याने त्यांना फोन केला. ते थांबले नाहीत. कशाला थांबतील?

मला हे महिन्याभराने कळलं, तेही त्याच्या बायकोकडून. त्या सामान घ्यायला आल्या होत्या. रागावल्या नाहीत, तक्रारही केली नाही. एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षांत आलेली ती पहिलीच मुलाखत होती हो, दादा."

त्या रात्री गल्ला मोजताना आकडा दोनदा चुकला.

देशाचं दार वेगळं, नोकरीचं दार वेगळं

आता मुद्द्यावर येऊ. असे इंजिनिअर, फार्मासिस्ट, अकाउंटंट, शिक्षक माझ्याच काउंटरवर का येतात? आळशी असतात म्हणून? इंग्रजी येत नाही म्हणून? नाही.

कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री पद्धत २०१५ पासून चालू आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव, सगळ्याचे गुण धरतात. तुमच्या डिग्रीचं मूल्यमापन होतं, कागद मिळतो की ही डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे. आपल्याला वाटतं, झालं काम! पण तो कागद देशात येण्यासाठी आहे. काम करण्याचा परवाना देणारी संस्था वेगळी, तिचे नियम वेगळे. आणि पगार देणारा मालक तिसराच. म्हणजे सरकार तुमची डिग्री बघून आत घेतं आणि आत आल्यावर मालक विचारतो, "कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का?" नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही.

ही अट अन्यायाची आहे हे इथल्या यंत्रणेलाही कळलंय. ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्येच धोरण काढून सांगितलं की सरसकट कॅनेडियन अनुभव मागणं हा वरवर बघता भेदभावच आहे. २०२१ मध्ये कायदा आला आणि परवाना लागणाऱ्या बऱ्याच व्यवसायांत ही अट घालण्यावर बंदी आली. इंजिनिअर्सना परवाना देणाऱ्या संस्थेने मे २०२३ मध्ये ती काढून टाकली. आणि १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारियोत नोकरीच्या जाहीर जाहिरातीत 'कॅनेडियन अनुभव हवा' असं लिहिताच येत नाही.

चांगली गोष्ट आहे. पण नियम नीट वाचा. तो २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना लागू आहे. तुमच्या-माझ्यासारख्या सात-आठ जणांच्या दुकानाला नाही. आणि कागदावरची अट गेली म्हणून मनातली जात नाही. टोरॉन्टो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरॉन्टो भागातल्या कंपन्यांना सुमारे १३ हजार बनावट रेझ्युमे पाठवून बघितलं होतं. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त नाव बदललेलं. इंग्रजी नावाला जास्त फोन आले, भारतीय, पाकिस्तानी आणि चिनी नावांना कमी. म्हणजे नुसतं घरी बसून अर्ज पाठवत राहणं हा आपल्या माणसासाठी सगळ्यात अवघड रस्ता आहे. त्याला ओळखीचं माणूस लागतं. ते कुठून येणार, यावर पुढे बोलतो.

दोन वर्षं म्हणजे आता फार झाली

"अरे, आम्ही पण पोती उचलली, आमचं काय बिघडलं?" हे वाक्य मी स्वतः शंभर वेळा बोललोय. पण मित्रांनो, एक फरक लक्षात घ्या. मी बीबीए. दुकानात पोती उचलता उचलता मी दुकानदारीच शिकलो. ते माझं शिक्षणच होतं. इंजिनिअर पोती उचलतो तेव्हा तो इंजिनिअरिंग विसरत असतो.

आणि काम किती पटकन बदलतंय बघा. साइटवर कागदी नकाशा घेऊन फिरणाऱ्याला आता पूर्ण इमारत कॉम्प्युटरवर तीन बाजूंनी फिरवून बघता यायला हवी. अकाउंटंटची नोंदी टाकायची कामं सॉफ्टवेअर करतंय, त्याला आता नोंदींचा अर्थ सांगता यायला हवा. फोनवर ग्राहकाला उत्तर द्यायच्या कामात एआय आलंय. पूर्वी नवीन आलेला माणूस अशाच छोट्या ऑफिसच्या कामातून आत शिरायचा. डेटा एंट्री कर, फाइल लाव, हळूहळू वर जा. ती खालची पायरीच आता निसटायला लागली आहे. अशा वेळी जो दोन वर्षं काउंटरच्या मागे राहिला, त्याच्या रेझ्युमेमध्ये दोन वर्षांचं भोक पडतं, आणि तेवढ्यात त्याची लाइन पुढे निघून गेलेली असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपलं दुकान नवीन माणसासाठी पहिली पायरी असलं पाहिजे. ती त्याची शेवटची पायरी झाली, तर त्यात आपलाही हात आहे.

"पण मी काय धर्मशाळा उघडली आहे का?"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. वर्कशॉपमध्ये एक दुकानदार काका तोंडावर बोलले, "तू शिकवून पाठव, मी घेतो!" हसलो आम्ही सगळे. पण त्यांचा मुद्दा खोटा नाही. माणूस तयार करायला दोन महिने जातात. चांगला माणूस गेला की धंद्याला झळ बसते. गेल्या वर्षी माझ्याकडचे दोन जण एकाच महिन्यात गेले, तेव्हा चार शनिवार मी आणि बायकोने दुकान ओढलं. फुकट काहीच नसतं.

तरीही हिशोब मांडून बघा. मनातून निघून गेलेला माणूस कधीतरी जाणारच. फरक एवढाच की एक जण तुम्हाला तीन महिने आधी सांगून, बदली माणूस शिकवून जातो. दुसरा सोमवारी सकाळी मेसेज टाकतो, "दादा, आजपासून येत नाही." तुम्हाला कुठला परवडतो? मी उघड बोलायला लागल्यापासून माझ्याकडे अचानक कुणी गेलेलं नाही. आणि जाणारा बहुतेक वेळा आपल्या ओळखीतला पुढचा माणूस आणून देतो. माझी भरतीची जाहिरात बंद झाली.

अजून एक. प्रत्येकाला जायचंच असतं असंही नाही. माझ्याकडे नागपूरच्या एक ताई आहेत, एमकॉम. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ऑफिसच्या नोकऱ्या दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, "मला स्वतःचं दुकान काढायचंय, मला खरेदी शिकवा." मग तसं. विचारल्याशिवाय कळत नाही, एवढंच.

दुकानदारांनी करायच्या पाच गोष्टी

१. पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारा. तिकडे काय करत होतास? इथे काय करायचंय? उत्तर वहीत लिहा, तारीख टाका. दर तीन महिन्यांनी ती वही उघडा आणि दोघं मिळून बघा, गाडी हलली का.

२. आठवड्यातला एक अर्धा दिवस त्याच्या नावावर ठेवा. परवान्याची परीक्षा, क्लास, मुलाखत, काहीही असो. पीआर असणाऱ्यांना सरकारी खर्चाने इंग्रजीचे वर्ग मिळतात, बाहेरून शिकून आलेल्यांना इथल्या कामासाठी तयार करणारे ब्रिज ट्रेनिंगचे कोर्स ऑन्टारियोत आहेत. पण कोर्स असून उपयोग काय, शिफ्टच रोज बदलत असेल तर? वेळापत्रक दोन आठवडे आधी लावा. आणि मुलाखतीला कधीही, म्हणजे कधीही, नाही म्हणू नका. दिवाळी असली तरी.

३. सगळं कागदावर ठेवा. रोख पगार देणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. ऑन्टारियोत किमान वेतन १ ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० डॉलर आहे. रोखीत त्याहून कमी देणारे आपल्यातच आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पैसे तर कमी मिळतातच, पण त्या माणसाकडे पगाराची स्लिप नाही, वर्षाचा टी-फोर नाही. त्याने काम केलं याचा पुरावाच नाही. म्हणजे ज्या कॅनेडियन अनुभवासाठी तो झगडतोय, तो आपणच त्याच्या खिशातून काढून घेतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर जास्त सांभाळा. कॉलेज चालू असताना बाहेर काम करायची मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास आहे. तुमच्या सोयीसाठी तो ३५ तास राबला, तर तुमचा शनिवार निघतो, पण त्याचा व्हिसा धोक्यात येतो.

४. त्याने जे केलं ते पत्रात खरं लिहा. 'शॉप असिस्टंट, मेहनती, प्रामाणिक' या तीन शब्दांनी कुणाचं भलं झालेलं नाही. माझ्या इंजिनिअरने मालाची शीट बनवली, सप्लायरची बिलं तपासली, तीन नवीन मुलांना शिकवलं. हे लिहायला मला दहा मिनिटं लागतात. खोटी पदवी मात्र देऊ नका. मॅनेजर नव्हता तर मॅनेजर लिहू नका. एक फोन आला की त्याचंही नाव जातं आणि तुमचंही.

५. त्याला मागच्या खोलीतून पुढे आणा, आणि तुमच्या ओळखी त्याला द्या. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण आपुलकीने काय करतो? नवीन माणसाला इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, मग त्याला गोदामात ठेवतो. तिथे सगळे मराठी, हिंदी, पंजाबी. दोन वर्षांनी त्याचं पंजाबी झकास होतं आणि इंग्रजी होतं तिथेच राहतं. काउंटरवर उभा करा. "कसं चाललंय?" या प्रश्नाला इथे तब्येतीचा पाढा वाचायचा नसतो, हवामानावर दोन वाक्यं कशी बोलायची, गिऱ्हाईक चिडलं तर काय म्हणायचं, हे क्लासमध्ये येत नाही. काउंटरवर येतं. आणि पुढे मुलाखतीत हेच कामाला येतं.

आता ओळखींचं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. त्यातली गोष्ट सोपी आहे. नोकरीची बातमी बहुतेक वेळा जिवलग मित्राकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसाकडून येते. कारण आपल्या जिवलगांना जे माहीत, ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. आपल्या मंडळाचं तसंच आहे. गणपतीत शंभर माणसं भेटतात, सगळे एकमेकांना वेअरहाऊसची तीच नोकरी सांगतात. मंडळ वाईट नाही. आजारपणात, अडीअडचणीला तेच धावून येतं. पण नोकरीसाठी मंडळाबाहेरचा माणूस लागतो.

आणि तसली माणसं दुकानदाराकडे भरपूर असतात! माझ्याकडे दर मे महिन्यात हापूसच्या पेट्या न्यायला एक इटालियन वंशाचे गृहस्थ येतात, बांधकामाचे ठेकेदार. पाच वर्षं मी त्यांच्याशी फक्त आंब्याबद्दल बोललो. त्या दिवाळीनंतर मी फोन उचलला आणि म्हणालो, "माझ्याकडे एक माणूस आहे, तुमच्या लाइनचा. अर्धा तास भेटाल का? नोकरी नको, सल्ला द्या." ते भेटले. त्यांनी सांगितलं की एस्टिमेटरच्या कामाला, म्हणजे टेंडर भरताना खर्चाचा अंदाज काढायला, परवाना लागत नाही. तिथून सुरुवात कर, परवान्याचं सोबत चालू ठेव. त्यांनी पुढे अजून दोघांची नावं दिली. २०२४ च्या उन्हाळ्यात माझा इंजिनिअर एका छोट्या कंपनीत एस्टिमेटर म्हणून लागला.

मला एक फोन करायला अडीच वर्षं लागली. हेच ते, जे मला खटकतं.

आणि तुम्ही नवीन आला असाल तर

तुमच्यासाठी थोडक्यात. 'आधी सेटल होऊ, मग बघू' हे म्हणू नका. दुकानात काम धरलं त्याच दिवशी बाहेर पडायची तारीख कॅलेंडरवर टाका. पहिल्याच महिन्यात नवागतांसाठीच्या सेवा केंद्रात जा, पीआर असेल तर तिथली मदत फुकट आहे. तुमच्या व्यवसायात परवाना लागणारी कामं कुठली आणि न लागणारी कुठली, याची यादी करा. आणि कुणी नोकरीचं पत्र मिळवून देतो म्हणून पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा. नोकरी विकणं इथे बेकायदा आहे, विकणारा आपल्याच गावचा असला तरी.

महाराष्ट्रात बसून इकडे यायचा विचार करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की दारं पूर्वीसारखी उघडी नाहीत. २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. २०२५ साठी पीआरचं लक्ष्य आधी ५ लाख ठरलं होतं, ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं गेलं. येऊ नका असं म्हणत नाही. इथे आलेल्या माणसाचं पहिलं वर्ष कसं जातं ते कुणा तिघांना विचारून या. एजंटला विचारून नको.

तो इंजिनिअर अजूनही दुकानात येतो. मुलगी आता शाळेत जाते, गोळ्यांच्या बरणीजवळ घुटमळते. आम्ही त्या गुरुवारबद्दल कधी बोललो नाही. मी एकदा विषय काढला तर तो म्हणाला, "जाऊ दे ना दादा." त्याने सोडून दिलंय. मी सोडलेलं नाही, म्हणून हे लिहिलं.

काउंटरखाली एक वही ठेवली आहे. तिच्यात आत्ता सहा जणांची नावं आहेत, समोर त्यांना काय व्हायचंय ते लिहिलंय. तुम्हीही आज दुकान बंद करायच्या आधी एक काम करा. तुमच्याकडच्या एका माणसाला विचारा, "तुला खरं काय करायचंय?" मग तुमचं दुकान ब्रॅम्प्टनला असो नाहीतर नाशिकला, आणि तो सोलापूरहून आलेला असो नाहीतर बिहारमधून. उत्तर ऐकून घ्या. आणि तुमच्या फोनमध्ये त्याच्या कामाचा नंबर असेल, तर तो आजच लावा.

पुढच्या व्हिडिओत शिफ्टचं वेळापत्रक कसं लावायचं ते दाखवतो, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीसकट. भेटूच.